कच्च्या खताची दवंडी

आबा, तुझ्या तेराव्याला जमलेल्या मंडळींनी तुझी जी स्तुती केली ती तू ऐकली असतीस तर भरल्या पानावरून उठून गेला असतास. शांत स्वभाव, देवमाणूस, जन्मात कोणाला उलटून बोलला नाही. मी पंगतीत वाढत होते आणि मनात म्हणत होते, हे नक्की कोणाबद्दल बोलताहेत? माझा भाऊ तर हट्टी होता. वाद घालायला बसला की समोरच्याचा चहा निवून जायचा, आणि उलट बोलण्यात त्याचा हात धरणारी या गावात मी एकटीच होते. गंमत म्हणजे आधी देवासला आणि मग धारला तू जन्मभर काम काय केलंस, हे त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नाही. 'नगरपालिकेत होते' एवढ्यावर भागवलं. श्रीखंडाच्या पंगतीत मैल्याचा विषय काढायचा कसा, अशी अडचण असणार.

मग मीच काढते. तुझ्याशी बोलताना मी शब्द कधी जपून वापरले होते?

धारला बदली झाल्यावर तू तिथल्या लोकांना आपलं देवास समजावून सांगायचास ते आठवतं. गाव एक, राजे दोन. रस्त्याच्या या कडेला थोरली पाती, त्या कडेला धाकटी. दोन दरबार, दोन कचेऱ्या, दसऱ्याच्या दोन स्वाऱ्या. आपलं घर थोरल्या पातीत आणि मला दिलं धाकटीत. आई म्हणायची, लेक परराज्यात दिली, पण हाक मारली तर ऐकू येते. मग संस्थानं विलीन झाली, दोन्ही बाजूंच्या नगरपालिकांची एक झाली, आणि सगळ्या गावाची घाण तुझ्या एकट्याच्या गळ्यात पडली. हुद्दा मात्र झकास होता, आरोग्य निरीक्षक. आईला वाटलं, डॉक्टरासारखं काहीतरी असेल. तिनं पेढे वाटले.

ते पेढे पचायच्या आत तिला खरं काय ते कळलं. तोवर मेहतर मंडळी घरोघरचा मैला डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहून नाल्याकाठी टाकत. पाऊस आला की तोच नाला विहिरींच्या अंगावर यायचा आणि गावात पटकीची साथ शिरायची. तू इंदुरात शिकून आलेला. म्हणालास, हा मैला फेकायचा नाही, शिजवायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तू मला ते समजावलं होतंस, आणि मी आत पुरण वाटत होते. लांब खड्डा खणायचा, तळाशी गावचा कचरा, त्यावर मैल्याचा थर, पुन्हा कचरा, वर राख आणि माती. आतल्या आत ते इतकं तापतं की रोगाचे जंतू आणि जंतांची अंडी मरून जातात. काही महिन्यांनी काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत निघतं. सोनखत. तू बोलत राहिलास आणि मी लाटणं उगारून तुला अंगणात पिटाळलं. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या तू एकट्यानं मजेत खाल्ल्यास, आमच्या कोणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

खड्ड्यांच्या आधी तू एक वेगळंच भांडण उकरून काढलंस. मेहतरांच्या मुकादमीण होत्या गेंदाबाई. तू त्यांच्यापुढे सोनखताचं मोठं भाषण केलंस तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबूजी, खाद सोना बनेगी जब बनेगी, पेले साबण मँगवा दो." तू ते भाषण तिथंच थांबवलंस. आधी साबण आला. मग बूट, मग खड्ड्यांजवळ हातपंप, आणि पुष्कळ खटपटी करून डोक्यावरच्या टोपल्यांच्या जागी झाकणाच्या गाड्या. नगरपालिकेतले मेंबर म्हणत, भिया, इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही, यालाच कसला पुळका. गेंदाबाईंच्या लेकीच्या लग्नात तू पंगतीला बसून जेवलास, तर आईनं तुला दारातच गंगाजल प्यायला लावलं. तू गटागटा प्यायलास आणि म्हणालास, आणखी आहे का, जेवण तिखट होतं. आई हसू दाबत आत निघून गेली. मला तू त्या दिवशी जितका आवडलास तितका कधीच आवडला नव्हतास, पण तेव्हा मी तुला शहाणपणाच शिकवला असणार.

खत तयार झालं आणि खरा घोळ सुरू झाला. आपल्या लोकांना मैल्याची किळस होती, ती समजण्यासारखी आहे. पण किळसेवरसुद्धा पाती निघाली. थोरल्या पातीचे लोक म्हणाले, त्या बाजूचा मैला आमच्या शेतात नको. धाकटीचे म्हणाले, यांचा आमच्यात मिसळायचा नाही. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, म्हणणं तर सगळ्यांत वरचढ. ते धाकट्या सरकारांच्या बागांचे दरोगा होते. संस्थान गेलं तरी त्यांच्या मनातला दरबार भरायचा थांबला नव्हता. टेकडीखाली त्यांचा स्वतःचा लहानसा बगीचा होता आणि त्यातल्या कोथिंबिरीचा त्यांना नातवंडांहून जास्त अभिमान. ते तुला म्हणाले, "निरीक्षक, खत घेऊ आम्ही. पण आमच्या पातीचं. थोरल्यांचं उष्टं आम्ही घेत नसतो."

मी पदराआड हसत होते. तू हसला नाहीस. तू विचार केलास की लोक घेताहेत ना, मग घेऊ देत. आणि खरोखर दोन रांगा खणल्यास, एक थोरल्या पातीच्या मैल्याची, एक धाकट्या पातीची. मी तेव्हाच म्हटलं होतं की लाड करू नकोस. तू म्हणालास, "आधी खाऊ तर लागू देत, मग ताट बदलू."

पहिल्यांदा खत काढायचं ठरलं ते दसऱ्याला, गव्हाच्या पेरणीआधी. थोरल्या पातीचे खड्डे आधी भरले होते, ते पिकले होते. धाकटीच्या बाजूच्या गाड्या उशिरा आल्या, तिथला शेवटचा खड्डा पावसाळ्यात भरला आणि त्यात पाणी शिरलं. तू मला आदल्या दिवशी सांगितलं होतंस की त्याला दिवाळी उलटून जाईल. पण धाकटीचे मानकरी तुझ्या दारात येऊन बसले. थोरल्यांच्या गाड्या दसऱ्याला निघणार आणि आमच्या मागाहून? आजवर असं कधी झालंय? दोन्ही स्वाऱ्या एकाच मुहूर्तावर निघत आल्या आहेत. तू किती समजावलंस. शेवटी खड्ड्यात पहार खुपसून बघितलीस, ती गार निघाली. पिकलेल्या खतातून पहार गारच निघते. पाणी शिरून विझलेल्या खड्ड्यातूनही गारच निघते. समोर मानकरी उभे होते, आणि तू गार पहारेचा आपल्याला सोयीचा तो अर्थ घेतलास.

दसऱ्याला काय थाट होता. मैल्याच्या खताच्या गाड्यांना झेंडूचे हार, बैलांच्या शिंगांना आपट्याची पानं, वर गुलाल. दोन्ही रांगांतून एकाच वेळी गाड्या निघाल्या. असा सोहळा देवासखेरीज जगात कुठं झाला नसेल. मामंजी फेटा बांधून आपल्या गाडीपुढे चालत होते. टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं थांबून बघत होती, आणि तू रस्त्याच्या मधोमध उभा होतास, ना या पातीत ना त्या.

मग काही दिवसांनी तू त्या रिकाम्या खड्ड्याच्या तळाशी उतरलास. उरलेलं खत हातात घेतलंस आणि तुला कळलं. कच्चं होतं. नुसतं कुजलेलं, तापलेलं नव्हतंच. त्या खड्ड्याच्या गाड्या मोजक्याच बागांत गेल्या होत्या. त्यातली एक आमची, आणि आमच्या वाफ्यांत मुळा, मेथी, कोथिंबीर. सगळा कच्चा खायचा पाला.

तू माणसं घेऊन आमच्या बागेत आलास. मामंजींचे हिरवेगार वाफे उपटलेस, वरची माती खरवडून गाड्यांत भरलीस, सगळं परत खड्ड्यात नेऊन कोरड्या कचऱ्यात गाडलंस. मामंजी ओट्यावर बसून बघत होते. इथवर त्यांनी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही पात्यांत दवंडी फिरली. "सुनो भई सुनो. धाकटी पाती के खड्डे की खाद कच्ची निकली है. उसकी भाजी कोई कच्ची मत खाना. गलती म्युनिसपालटी के इंस्पेक्टर साब की है." शेवटचं वाक्य ढोलवाला गाळत होता. साहेबाच्या नोकरीवर गदा येईल म्हणून त्याला भीती वाटली. तू त्याच्या मागं मागं चालत राहिलास आणि प्रत्येक चौकात त्याला ते म्हणायला लावलंस.

गावानं मात्र दवंडीतला पहिला भागच ऐकला. थोरल्या पातीत लोक टाळ्या देऊन हसले. धाकटीची खादसुद्धा कच्ची. मामंजींची कोथिंबीर पुढे कितीतरी दिवस कोणी हातात घेतली नाही, नव्या बियाण्याची, नव्या मातीतली असूनसुद्धा. सरकारवाड्यात हंगामाची पहिली जुडी त्यांच्या बागेतून जायची, ती त्या वर्षी गेली नाही. आणि माझं माहेर बंद झालं. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावरचं माहेर. आईची हाक ऐकू यायची आणि मी ओ देऊ शकत नव्हते.

त्या भाऊबिजेला तू आलास. येशील असं मला वाटलं नव्हतं. मामंजी आतून म्हणाले, "निरीक्षक साहेबांना ओट्यावरच बसवा. घरात कच्चं काही आम्हाला चालत नाही." मी ओट्यावर पाट मांडला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तू टोपी नीट केलीस आणि म्हणालास, "बरं झालं, इथं वारा येतो." मी तुला ओवाळलं आणि तबक हातात असतानाच तुझ्याशी भांडले.

"उपटायचं ते गुपचूप उपटलं असतंस. दवंडी कशाला पिटलीस?"

"खत आणखी कोणी कोणाला दिलं असेल तर? लोक मुळा धुतात, कुसुम, उकळत नाहीत. एखादं पोर आजारी पडलं असतं."

"नसतं पडलं."

"तुला माहीत नाही. मलाही नाही. म्हणून दवंडी."

"आणि आता तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"माझ्यावर कशाला ठेवायचा? खड्ड्यावर ठेवावा."

"खड्ड्यावर कधी कोणी विश्वास ठेवतं का? लोक माणसावर ठेवतात."

निरांजन विझायला आलं होतं, तू त्याला हाताचा आडोसा धरलास. पण तो वाद तिथं सुरू झाला तो तुझ्या शेवटच्या भेटीपर्यंत पुरला.

पुढच्या वर्षी तू दोन रांगांची एक केलीस. मानकरी पुन्हा आले. तू सांगितलंस, आता पाती नाही, मुहूर्त नाही, पिकेल तेव्हा निघेल. आणि खड्ड्यांचं कुंपण काढून टाकलंस. कोणीही यावं, पहार खुपसावी, मूठभर उचलून वास घ्यावा, हातपंपावर साबणानं हात धुवावेत. पाणी शिरलेला खड्डा कसा ओळखायचा, तापलेला कसा, हे येईल त्याला सांगत बसायचास. स्वतःची चूकच धडा म्हणून शिकवायचास. "माझी पहार गार निघाली होती, मी फसलो, तुम्ही फसू नका." सुरुवातीला लोक गंमत म्हणून आले. नाकाला फडकी लावून यायचे. मग टोंकखुर्दकडचे शेतकरी यायला लागले, त्यांना गावातल्या मानापानाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा गहू बघून आपले लोक आले.

मामंजी एके दिवशी कोणाला न सांगता गाडी जुंपून गेले. मला हे नंतर गाडीवानाकडून कळलं. त्यांनी तुला नमस्कारही केला नाही. एक खड्डा दाखवून विचारलं, "हे पिकलंय का?" दीड वर्षानं तोंड उघडलेला माणूस, बहिणीचा सासरा, सोबत रिकामी गाडी. दुसरा कोणी असता तर घाईघाईनं हो म्हणून गेला असता. तू म्हणालास, "नाही. अजून महिना लागेल." आणि त्यांना रिकामं परत पाठवलंस.

ते घरी आले तेव्हा मला वाटलं, आता संपलं. त्यांनी हात-पाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सूनबाई, भावाला जेवायला बोलवा. घरात बसवा." मी कारण विचारलं नाही. तेच म्हणाले, "दारात आलेल्या गिऱ्हाइकाला जो नाही म्हणतो ना, त्याच्या 'हो'ला वजन असतं." तू आलास, पानावर बसलास आणि आमच्या बागेतली कोथिंबीर दोनदा मागून घेतलीस. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडले ते तुला दिसू दिलं नाही. आता सांगते.

त्यानंतरची वर्षं तुझी होती. दरसाल खड्डे वाढले, पटकीची भीती कमी झाली. गेंदाबाईंचा जावई नगरपालिकेची गाडी हाकायला लागला आणि रस्त्यात भेटला की तुझ्या तब्येतीची चौकशी माझ्याकडे करायचा. मी मात्र आपल्या वादाचा पुरावा गोळा करत होते. मी तुला म्हणायचे, बघ, लोक तुझ्या शब्दावर येतात. 'आबासाहेब म्हणाले का?' एवढंच विचारतात. तुझी बदली झाली की सगळं बंद पडेल. यावर तू चिडायचास. खरंच चिडायचास, मान लाल व्हायची. "माझ्या नावावर चालत असेल तर ते बंद पडलेलंच बरं. उद्या माझ्या जागी लबाड माणूस आला तर हे त्याच्या शब्दावर कच्चं खत उचलतील." मी म्हणायचे, माणसं तशीच असतात. तू म्हणायचास, शिकवली तर नसतात.

मग तुझी धारला बदली झाली. जाताना म्हणालास, तिथं पाती एकच आहे, काम सोपं जाईल. पुढच्या भेटीत विचारलं तर म्हणालास, पाती एक आहे पण भांडणं दोन पात्यांइतकी आहेत. तिथल्या तळ्यांच्या काठी लोक मैला टाकत होते आणि तू पुन्हा पहिल्यापासून साबण, बूट, हातपंप सुरू केलं होतंस. तू वाळला होतास. मी म्हटलं, आता पुरे कर. तू म्हणालास, पहिला खड्डा पिकू दे. तो पिकायच्या आत तू गेल्याचा निरोप आला. बसमधून धारला जाताना सगळा रस्ता मी तुझ्याशी भांडत होते. तुला ताप होता तर कळवलं का नाहीस? दुसऱ्यांच्या पोराबाळांसाठी चौकाचौकात ढोल बडवणारा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द बोलत नाही, याचा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

आता शेवटचं सांगते, म्हणजे तू ऐकायला हवं होतंस ते. परवा इथले खड्डे उघडले. तुझ्या जागी आलेले निरीक्षक भले गृहस्थ आहेत, कामाला चोख. मामंजींना आता नीट दिसत नाही, म्हणून मी त्यांचा हात धरून गेले होते. माझ्या मनात धाकधूक होती. आता कोणाच्या शब्दावर हे लोक गाड्या भरणार, आणि नाही भरल्या तर तुझ्या एवढ्या वर्षांचं काय. निरीक्षक म्हणाले, "खाद तैयार है, भर लो." कोणी हललं नाही. टोंकखुर्दचा एक शेतकरी पुढं होऊन म्हणाला, "पेलां देखांगा, साब." मग दोन्ही पात्यांचे लोक एकाच खड्ड्याभोवती वाकले. कोणी पहार खुपसली, कोणी कोपरापर्यंत हात घालून तळाचं उकरून काढलं, एकमेकांच्या नाकाखाली धरलं. निरीक्षकांचा चेहरा उतरला. "मुझ पर भरोसा नहीं है क्या?"

मामंजी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. मुठीतली माती बोटांनी चुरत ते म्हणाले, "साब, आप तो भले आदमी हो. पण खाद आपके केने से थोड़ी पकती है."

सगळे हसले, निरीक्षकही हसले. खड्ड्याची एक बाजू अजून ओली निघाली. ती त्यांनी तशीच झाकून ठेवली, उरलेलं भरलं आणि हात धुऊन आपापल्या वाटेनं गेले. मी शेवटपर्यंत थांबले होते. मला वाटत होतं, एकजण तरी म्हणेल, हे आबासाहेबांनी शिकवलं. कोणी म्हणालं नाही. त्यांना आता ते कोणाचं वाटतच नाही, त्यांचं स्वतःचंच आहे. मला तिथं इतकं वाईट वाटलं, आणि तुला केवढा आनंद झाला असता.

वाद तू जिंकलास, आबा. पण अख्ख्या गावात कोणीच तुझं नाव घेऊ नये हे मला सोसवेना, म्हणून घरी येऊन दार लावून मीच घेतलं, मोठ्यानं.